याकोबाच्या घरातले कपट : बायबलमधील एका शब्दाचा मागोवा

विषयवार वचने निवडून छापलेल्या छोट्या पुस्तिका ख्रिस्ती घरांत हमखास सापडतात. क्षमा, चिंता, प्रार्थना अशा मथळ्यांच्या ओळीत एखादा मथळा 'दुष्टता' किंवा 'कपट' असाही असतो आणि त्याखाली दहा-वीस वचने दिलेली असतात. त्यांतली बहुतेक नीतिसूत्रे आणि स्तोत्रसंहिता या दोन ग्रंथांतली निघतात. कारण उघड आहे. या ग्रंथांत माणसांच्या दोन रांगा आहेत. एका रांगेत नीतिमान, दुसऱ्या रांगेत दुष्ट. दुष्टाचा दिवा विझतो, त्याने दुसऱ्यासाठी खणलेल्या खड्ड्यात तो स्वतःच पडतो, त्याची जीभ त्याच्यावरच उलटते. वाचणारा अर्थातच पहिल्या रांगेत उभा असतो. अशी पुस्तिका वाचून कुणी आपण होऊन दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहिल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

या वचनांना कमी लेखण्याचा हेतू नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आलेली आहेत आणि पुष्कळदा खरीही ठरतात. पण बायबलचा फार मोठा भाग कथांचा आहे, आणि कपटाविषयी बायबलला जे सांगायचे आहे त्यातला अवघड भाग या कथांमध्ये आहे. वचनांच्या पुस्तिकेत तो येत नाही, कारण त्याचे वचन होत नाही. उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायापासून पन्नासाव्या अध्यायापर्यंत एकाच घराण्याची कथा चालते. ती एका हिब्रू शब्दाचे बोट धरून वाचली तर काय हाती लागते, एवढेच प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

तो शब्द आहे 'मिर्मा'. अर्थ फसवणूक, कपट. बायबलमध्ये तो पहिल्यांदा कुणा शत्रूविषयी, परक्याविषयी किंवा मूर्तिपूजकाविषयी आलेला नाही. एदेन बागेतल्या सर्पालाही तो लावलेला नाही. सर्पाचे विशेषण 'आरूम', म्हणजे चतुर, आणि गंमत अशी की नीतिसूत्रांत हेच विशेषण शहाण्या माणसाला स्तुतीदाखल दिलेले आहे. म्हणजे चातुर्य हे बायबलच्या दृष्टीने मुळात पाप नव्हे. ते कुठे लागते त्यावर सारे अवलंबून. 'मिर्मा' मात्र दुधारी नाही. आणि हा शब्द पहिल्यांदा उच्चारतो तो आंधळा झालेला इसहाक, आपल्या धाकट्या मुलाविषयी. तो मुलगा म्हणजे याकोब. पुढे ज्याला 'इस्राएल' हे नाव मिळाले आणि ज्याच्यावरून एक सबंध राष्ट्र स्वतःला इस्राएल म्हणवू लागले, तोच हा.

प्रसंग परिचित आहे, तरी त्याचा तपशील महत्त्वाचा असल्याने थोडक्यात सांगतो. जुळ्यांपैकी थोरला एसाव, अंगभर केस असलेला, शिकारी. धाकटा याकोब थोरल्याची टाच धरून जन्मला, म्हणून त्याचे नाव 'टाच' या अर्थाच्या 'आकेव' शब्दाशी जोडलेले. मसुरीच्या लाल वरणाच्या बदल्यात त्याने भुकेल्या भावाकडून थोरलेपणाचा हक्क आधीच लिहून घेतल्यासारखा शपथेवर घेतला होता. आता म्हातारा बाप मरणापूर्वी थोरल्याला आशीर्वाद देणार, हे आई रिबका ऐकते. ती याकोबाला कळपातून दोन करडे आणायला लावते, त्यांचे मांस नवऱ्याच्या आवडीचे शिजवते, एसावाची वस्त्रे याकोबाच्या अंगावर घालते आणि करडांची कातडी त्याच्या हातांना व मानेला गुंडाळते. इसहाकाला संशय येतो. तो आवाज ऐकतो, हात चाचपतो, पुन्हा विचारतो, जेवतो, जवळ बोलावून वस्त्रांचा वास घेतो. पाचांपैकी चार इंद्रिये तो कामाला लावतो. पाचवे गेलेले असते. शिकार इतक्या लवकर कशी मिळाली, असे बाप विचारतो तेव्हा याकोब देवाचे नाव पुढे करतो. तुमच्या देवानेच ती माझ्यापुढे आणली, असे त्याचे उत्तर. या प्रकरणातले सगळ्यांत हीन खोटे माझ्या मते हेच.

निवेदक मात्र काहीच बोलत नाही. निषेध नाही, समर्थन नाही. एरिख आउअरबाख या जर्मन समीक्षकाने १९४६च्या 'मिमेसिस' या ग्रंथात उत्पत्तीतल्याच दुसऱ्या एका प्रसंगाच्या आधारे दाखवले की हे निवेदन फार थोडे सांगते आणि न सांगितलेल्याचा भार मागे उभा ठेवते. इथे ते मौन वाचकाला टोचते. आशीर्वाद चोरीचा आहे, तरी तो परत घेतला जात नाही. एसाव मोठ्याने आणि कडवटपणे रडतो, माझ्यासाठी एकही आशीर्वाद उरला नाही का असे विचारतो, आणि बापाकडे देण्यासारखे फारसे काही उरलेले नसते. देव मग लबाडालाच आशीर्वाद देतो काय? श्रद्धावान वाचकाला हा प्रश्न दोन हजार वर्षे छळत आला आहे.

त्याला बगल देण्याचे प्रयत्न मोठे उद्बोधक आहेत. तोरेचे अरामी भाषांतर करणाऱ्या ओंकेलोसने 'मिर्मा'च्या जागी 'शहाणपणाने' अशा अर्थाचा शब्द घातला. एका शब्दाच्या बदलाने पूर्वज सुटला. अकराव्या शतकातला थोर यहुदी भाष्यकार राशी याने याकोबाच्या उत्तरात एक विराम कल्पिला. मी तुम्हांला जेवण आणणारा आहे, आणि एसाव तुमचा थोरला आहे, अशी वाक्याची फोड केली की शब्दशः खोटे उरत नाही. आपल्याकडच्या 'नरो वा कुंजरो वा'ची आठवण होते. ख्रिस्ती बाजूने संत ऑगस्टिनने असत्याविरुद्ध लिहिलेल्या आपल्या ग्रंथात असे मत मांडले की याकोबाने केले ते असत्य नसून गूढ प्रतीक आहे. असत्य कुठल्याही परिस्थितीत पापच, असे आग्रहाने सांगणाऱ्या ऑगस्टिनला हे म्हणावे लागले, यातच अडचण किती मोठी होती ते कळते.

यापेक्षाही लक्षणीय गोष्ट खुद्द उत्पत्तीतच आहे. सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी आणि अठ्ठाविसाव्याच्या आरंभी याकोब घर सोडतो त्याचे निराळेच कारण दिसते. भावाच्या रागाचा तिथे उल्लेख नाही. नात्यातली मुलगी करण्यासाठी इसहाक त्याला स्वतः पाठवतो आणि पूर्ण जाणतेपणी आशीर्वाद देतो. अभ्यासक हा मजकूर याजकवर्गाच्या परंपरेतला मानतात. म्हणजे कपटाचा डाग नसलेली आवृत्ती हाताशी होती. संपादकांना ती एकटी ठेवता आली असती. त्यांनी दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. भाषांतरकार आणि भाष्यकार पूर्वजाची बाजू सावरत राहिले. ज्यांनी ग्रंथ बांधला त्यांनी ती सावरली नाही.

महाभारतात युधिष्ठिराने अर्धसत्य उच्चारताच जमिनीच्या चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ तत्काळ खाली टेकतो. उत्पत्तीत रथ नाही आणि तत्काळ काही घडतही नाही. हिशेब चालतो तो वर्षानुवर्षे, आणि माणसांच्याच हातून. याकोब मामाकडे, लाबानाकडे, हारानला पोचतो. धाकट्या राहेलसाठी सात वर्षे राबतो. लग्नाच्या रात्री अंधारात त्याला थोरली लेआ दिली जाते. ज्याने बापाच्या अंधत्वाचा फायदा घेतला त्याला स्वतःला रात्रभर माणूस ओळखू येत नाही. सकाळी तो लाबानाला जाब विचारतो आणि त्या जाबात 'मिर्मा'च्याच धातूचे क्रियापद येते. लाबानाचे उत्तर तर साळसूदपणाचा कळस आहे: थोरलीच्या आधी धाकटीला उजवण्याची आमच्या गावात रीत नाही. थोरली या अर्थाचा हिब्रू शब्द आणि याकोबाने पटकावलेल्या थोरलेपणाच्या हक्काचा शब्द एकाच धातूचे आहेत. लाबानाला ते ठाऊक असो वा नसो, वाचकाला ऐकू येते.

प्राचीन रब्बींना ते नक्कीच ऐकू आले. 'बेरेशीत रब्बा' या मिद्राशात याकोब सकाळी लेआला फसवी म्हणतो तेव्हा ती त्याला विचारते, की शिष्याशिवाय गुरू असतो काय? तुझ्या बापाने एसाव म्हणून हाक मारली तेव्हा ओ कुणी दिली होती? त्याच ग्रंथात एसावाच्या रडण्याचाही हिशेब मांडला आहे. कितीतरी शतकांनंतर शूशन नगरीत याकोबाचा वंशज मर्दखय याने तशीच कडवट किंकाळी फोडली, ती त्या एका रडण्याची परतफेड, असे रब्बी सांगतात. एसाव हा त्यांच्या दृष्टीने परका, किंबहुना शत्रूराष्ट्रांचा मूळपुरुष. तरी त्याचे अश्रू आपल्या खात्यावर नावे टाकायला त्यांनी कमी केले नाही.

रिबकेचे काय झाले? शाप आलाच तर तो माझ्यावर येवो, असे तिने मुलाला सांगितले होते. थोडे दिवस भावापासून दूर राहा, असे म्हणून तिने त्याला धाडले. ते थोडे दिवस वीस वर्षांचे झाले. या मायलेकरांची पुन्हा भेट झाल्याचे उत्पत्ती सांगत नाही. तिच्या दाईचा मृत्यू नोंदलेला आहे, तिचा नाही. कबरीचा उल्लेख तेवढा याकोब स्वतः मरताना करतो. याला शिक्षा म्हणायचे की निव्वळ निवेदनातली गळती, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला ती शिक्षाच वाटते.

परतीच्या वाटेवर यब्बोक नदीकाठी याकोब रात्रभर एका अनामिकाशी झुंजतो. तो त्याला विचारतो, तुझे नाव काय? मागे बापाने तू कोण म्हणून विचारले होते तेव्हा त्याने भावाचे नाव सांगितले होते. आता तो आपले खरे नाव सांगतो, आणि तेव्हाच त्याला नवे नाव मिळते. लंगडत तो एसावाला सामोरा जातो. एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडतो. याकोब त्याला गुरेढोरे देऊ करतो आणि घ्या म्हणताना जो शब्द वापरतो तो 'बेराखा', म्हणजे आशीर्वाद. भाषांतरांत तिथे बहुधा 'भेट' असा अर्थ घेतात आणि तो चुकीचाही नाही. पण चोरलेली वस्तू तिच्याच नावाने परत केली जाते आहे, ही गोष्ट त्यात हरवते. कथा इथे संपती तर मोठी नीटनेटकी झाली असती. तशी ती संपत नाही. एसाव म्हणतो, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणतो, तुम्ही पुढे व्हा, मुले-जनावरे घेऊन मी सावकाश सेईरला येतो. एसाव सेईरला जातो आणि याकोब सरळ सुक्कोथकडे वळतो. नाव बदलले तरी खोड इतक्या सहजी जात नाही. एवढे सूक्ष्म आणि इतके कठोर पूर्वजचरित्र मी दुसरे वाचलेले नाही.

'मिर्मा' पुन्हा येतो तो पुढच्या पिढीत. शखेम नावाच्या तरुणाने याकोबाची मुलगी दीना हिच्यावर अत्याचार केला आणि मग तिला मागणी घातली. तिचे भाऊ कपटाने उत्तर देतात: तुमच्या नगरातल्या सगळ्या पुरुषांनी सुंता करून घ्या, मग सोयरीक करू. सुंता ही देवाशी झालेल्या कराराची खूण. तिसऱ्या दिवशी पुरुष वेदनेत असताना शिमोन आणि लेवी तलवारी घेऊन शिरतात आणि नगर कापून काढतात. बापाच्या पिढीत देवाचे नाव कपटाला जुंपले गेले, मुलांच्या पिढीत देवाची खूण. बापाला त्यातला धोका दिसतो, पाप दिसत नाही. आसपासचे लोक आपल्यावर उठतील ही त्याची चिंता. मुले उलट विचारतात, आमच्या बहिणीला वेश्येसारखे वागवू द्यायचे होते काय? या प्रश्नावर अध्याय संपतो. मरणशय्येवर याकोब त्यांच्या क्रोधाला शाप देतो, पण ते फार नंतर.

आणि मग योसेफ. भाऊ त्याला वीस चांदीच्या नाण्यांना विकतात, बकरा मारून त्याच्या रक्तात त्याचा झगा बुडवतात आणि बापाकडे पाठवून म्हणतात, हा तुमच्या मुलाचा आहे की काय, ओळखा बरे. करडू आणि भावाचे वस्त्र. याकोबाने बापाला फसवताना नेमक्या याच दोन वस्तू वापरल्या होत्या. त्या वेळी इसहाकाला केसाळ हातांमुळे ओळख पटली नाही. आता याकोबाला ओळख पटते आणि तीच फसवणूक ठरते. योसेफ सतरा वर्षांचा होता तेव्हापासून सुकाळाची सात आणि दुष्काळाची दोन वर्षे सरेपर्यंत बापाने तो मेला असे धरून बावीस वर्षे काढली. याकोबही स्वतः आपल्या बापापासून बावीस वर्षे दूर होता, असा हिशेब तालमूदमध्ये जमवलेला आहे.

लगेच पुढच्या अध्यायात हेच शब्द विक्रीची कल्पना काढणाऱ्या यहूदावर उलटतात. विधवा सून तामार हिला धाकट्या मुलाशी लग्न लावून देण्याचा शब्द त्याने पाळलेला नसतो. ती वेश्येचा वेष घेऊन रस्त्यावर बसते. मोबदला ठरतो एक करडू, आणि ते येईपर्यंत तारण म्हणून ती त्याची मुद्रा, दोरी आणि काठी ठेवून घेते. ती गरोदर आहे हे कळल्यावर यहूदा तिला जाळायला सांगतो. ती त्या वस्तू पाठवते आणि निरोप देते: ओळखा बरे, या कुणाच्या. हिब्रूत अगदी तेच दोन शब्द, 'हक्केर-ना'. रॉबर्ट ऑल्टर या अमेरिकन समीक्षकाने १९८१ साली बायबलच्या कथनकलेवरील आपल्या पुस्तकाची सुरुवात याच अध्यायाच्या विश्लेषणाने केली, आणि हा दुवा मिद्राशात आधीच नोंदलेला आहे हेही मान्य केले. यहूदा ओळखतो, आणि ती आपल्यापेक्षा अधिक न्यायी असल्याचे सर्वांदेखत कबूल करतो.

इथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. तामारेने फसवले, तरी कथेने तिला न्यायी ठरवले. मिसरच्या सुइणी फारोशी खोटे बोलून इब्री मुलगे वाचवतात आणि देव त्यांचे भले करतो. नवव्या आज्ञेचा रोखही (काही पंथांच्या मोजणीत ती आठवी) शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यावर, म्हणजे चावडीवर उभे राहून दुसऱ्याचे जीवित किंवा वतन बुडवणाऱ्या असत्यावर आहे. नाबोथाचा द्राक्षमळा लाटायला ईजबेल राजमुद्रेची पत्रे लिहिते, उपवास जाहीर करविते, नियमाप्रमाणे दोन साक्षीदार उभे करते. सगळे कायदेशीर, आणि माणूस दगडांखाली मरतो. दुबळ्याने जीव वाचवायला केलेली युक्ती आणि बलवानाने दुबळ्याला लुबाडायला रचलेला डाव यांना बायबल एका तागडीत घालत नाही. याकोबाच्या प्रकरणाची अडचण अशी की धाकटा म्हणून तो दुबळा आहे आणि आंधळ्या बापापुढे तोच बलवान आहे.

तागडीचा उल्लेख सहज केला नाही. 'मिर्मा' या शब्दाचा बायबलमधला एक ठरलेला मुक्काम म्हणजे बाजार. खोट्या काट्याला हिब्रूत 'मिर्माचा काटा' म्हणतात. मराठीत 'मापात पाप' म्हणतात तेच हे. माप लहान करायचे, चांदी तोलायचे वजन जड ठेवायचे, आणि अमावास्येचा सण व शब्बाथ कधी संपतो नि धान्य विकायला बसतो याची वाट पाहायची, असे व्यापाऱ्यांचे वर्णन आमोस करतो. होशेय पुढे जातो. आपल्या बाराव्या अध्यायात तो गर्भात भावाची टाच धरणाऱ्या याकोबाची आठवण काढतो आणि चार-सहा ओळींनंतर हातात कपटाचा काटा घेतलेला व्यापारी उभा करतो. व्यापाऱ्यासाठी त्याने योजलेला शब्द 'कनान'. त्याचे दोन अर्थ होतात, वाणी आणि कनानी माणूस. ज्या कनान्यांना इस्राएल लोक तुच्छ मानत तेच आता तुम्ही झालात, हा टोला. यिर्मयाने तर पूर्वजाच्या नावाचेच क्रियापद केले. प्रत्येक भाऊ भावाला कसा ठकवतो हे सांगताना त्याने जी हिब्रू शब्दयोजना केली तिच्यात 'याकोब' हे नाव कानावर पडतेच. आणि हृदय सर्वांहून कपटी आहे, या आशयाचे त्याचे वचन, जे पुस्तिकांत कायम पहिल्या पानावर असते, त्यातले 'कपटी' हे विशेषणही त्याच टाचेच्या धातूचे. सगळ्यांच्या छातीत एक याकोब आहे, असे मूळ ऐकणाऱ्याला ऐकू येत असले पाहिजे.

भाषांतरात ही साखळी तुटते. एकाच हिब्रू शब्दाला कुठे कपट, कुठे खोटे, कुठे फसवणूक म्हणावे लागते. भाषांतरकाराचा त्यात दोष नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केले. १९२२ साली त्या वारल्या आणि ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. उतारवयात एवढी खटपट त्यांनी का केली असेल, याची कल्पना अशा एखाद्या शब्दाच्या मागे लागले की येते.

नव्या करारात योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात हा धागा पुन्हा वर येतो. नथनेल येताना पाहून येशू म्हणतो की हा खरा इस्राएली, याच्यात कपट नाही. इथला ग्रीक शब्द 'दोलोस'. इसहाकाच्या तोंडच्या 'मिर्मा'साठी जुन्या ग्रीक भाषांतराने हाच शब्द घेतला होता. आणि लगेच येशू देवदूतांच्या चढण्या-उतरण्याचा उल्लेख करतो, म्हणजे घरातून पळालेल्या याकोबाला बेथेलला पडलेल्या स्वप्नाचा. कपट नसलेला इस्राएल म्हणजे याकोबपण गळून पडलेला याकोब, ही सूचना अंजिराखाली बसलेल्या त्या साध्या माणसाला कळली की नाही कोण जाणे.

यातून पुढे जे झाले ते सांगितल्यावाचून हा मागोवा प्रामाणिक होणार नाही. एका समाजाने स्वतःच्या मूळपुरुषाविषयी इतके निर्भीडपणे लिहिले, त्याच्या संदेष्ट्यांनी तो आरसा आपल्याच लोकांपुढे धरला. आणि तीच वाक्ये दुसऱ्यांनी उचलून त्या समाजाविरुद्धचे आरोपपत्र म्हणून वापरली. यहुदी म्हणजे कपटी, हे युरोपचे शतकानुशतकांचे पालुपद. मार्टिन लूथरने १५३४ साली संपूर्ण जर्मन बायबल लोकांच्या हाती दिले. पुढे दहा वर्षे तो उत्पत्तीवरच व्याख्याने देत होता. त्याच काळात, १५४३ साली, त्याने यहुद्यांविरुद्ध जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच 'यहुदी आणि त्यांची असत्ये' आहेत. त्यांची प्रार्थनास्थळे जाळावीत, असा सल्लाही त्यात आहे. उत्पत्तीचा इतका जाणता वाचक कपटाची कथा वाचून कपट दुसऱ्याच्या घरी पोचवून आला. बरे, आपण फार वेगळे आहोत असेही नाही. अमुक जात लबाड, तमुक जातीवर विश्वास ठेवू नये, अशा म्हणी मराठीत किती आहेत आणि त्या रचणाऱ्यांनी आपल्या स्वतःच्या जातीवर किती रचल्या, हे मोजून पाहण्याजोगे आहे. वचनांच्या पुस्तिकेत मघाशी दोन रांगा पाहिल्या. दुसऱ्या रांगेत कुणाला उभे करायचे हे ठरवण्याचा अधिकार हाती आला, की वचन म्हणीसारखे वापरले जाते.

मूळ कथेला परका कपटी ठाऊक नाही असे नाही. लाबान आहे, पोटीफरची बायको आहे. पण पंचवीस अध्याय ती घरातच फिरत राहते आणि तिथेच सुटू पाहते. मिसरचा अधिकारी झालेला योसेफ भावांना ओळखतो, ते त्याला ओळखत नाहीत. तोही आपला प्याला बन्यामिनाच्या गोणीत लपवून त्यांना खेळवतो. तेव्हा यहूदा पुढे होतो. बापाचा जीव या धाकट्यावर जडलेला आहे, तो परतला नाही तर बाप मरेल, म्हणून त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा, असे तो विनवतो. बापाच्या ज्या पक्षपातामुळे त्यांनी एक भाऊ विकला, तोच पक्षपात मान्य करून तो दुसऱ्या भावासाठी स्वतःला विकायला निघतो. योसेफाला रडू आवरत नाही.

फारोपुढे उभा राहिल्यावर म्हातारा याकोब आपले वय एकशे तीस सांगतो आणि आपले दिवस थोडे आणि वाईट गेले असे म्हणतो. 'वाईट'साठी त्याने वापरलेला शब्द 'रा'. दुष्टतेसाठी हिब्रूत सर्रास येणारा शब्द तोच. पुढे सतरा वर्षांनी तो वारतो. भावांना आता योसेफाची भीती वाटते. ते निरोप पाठवतात, की मरण्यापूर्वी वडिलांनी सांगून ठेवले आहे, तू आम्हांला क्षमा कर म्हणून. याकोबाचे शेवटचे बोलणे उत्पत्तीत सविस्तर दिलेले आहे, आणि त्यात असे काहीही सांगितलेले नाही. तालमूदमधल्या रब्बींनी हा निरोप शांततेसाठी बोललेले खोटे म्हणून चालवून घेतला आणि त्यावरून तसा नियमही काढला. निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडतो. वडील असे काही बोललेच नव्हते हे त्याने ओळखले म्हणून, की इतक्या वर्षांनंतरही भावांना असा निरोप रचावा लागला म्हणून, ते निवेदक याही वेळी सांगत नाही.